गालाचा एक तुकडा आणि विकृतिशास्त्र

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आपल्याकडे कुणी भेटलं की पहिला प्रश्न असतो, "काय, प्रकृती कशी आहे?" बरं नसलं की आपण सांगतो, "प्रकृती जरा बिघडलीय." प्रकृती म्हणजे मुळातली घडण. ती बिघडली की होते ती विकृती, आणि त्या बिघाडाचा अभ्यास म्हणजे विकृतिशास्त्र. आता 'विकृत' हा शब्द आपण माणसाच्या वागण्याला दूषण देण्यासाठीच वापरतो, त्यामुळे 'विकृतिशास्त्र' ऐकलं की लोक दचकतात. 'पॅथॉलॉजी' म्हटलं तर कोपऱ्यावरची लॅब डोळ्यांपुढे येते. उपाशीपोटी जायचं, दंडाला रबरी पट्टा बांधून रक्त द्यायचं, संध्याकाळी कागद आणायचा आणि त्यात ठळक छापलेला आकडा शोधायचा. लॅब हा पॅथॉलॉजीचा भाग आहेच. पण मूळ विद्या आहे ती रोग शरीरात कसकसा घडत गेला हे वाचण्याची. तपासणी हे त्या वाचनाचं साधन. हा फरक लक्षात आला की हातातल्या कागदाकडे बघण्याची दृष्टी बदलते, म्हणून आजचं बोलणं.

ग्रीक भाषेत 'पॅथॉस' म्हणजे सोसणं, यातना. 'लॉगॉस' म्हणजे विवेचन. कुठलाही रोग समोर आला की विकृतिशास्त्र चार गोष्टी विचारतं. हे कशामुळे झालं? त्या कारणापासून इथवर टप्प्याटप्प्याने काय होत गेलं? आज पेशींची आणि अवयवाची रचना कशी दिसते? आणि त्या बदललेल्या रचनेमुळे माणसाला नेमका त्रास काय होतो? 'निदान' हा शब्द आपण रोग ओळखणं या अर्थाने वापरतो, पण आयुर्वेदात त्याचा पहिला अर्थ आहे कारण. तिथल्या निदानपंचकात निदान, पूर्वरूप, रूप आणि उपशय यांच्यासोबत संप्राप्ती येते, म्हणजे कारणापासून रोगापर्यंतची वाटचाल. आयुर्वेद आणि आधुनिक वैद्यक यांची गृहीतकं वेगळी आहेत, त्यांची सरमिसळ करू नये. पण 'संप्राप्ती' हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. चारांतला दुसरा प्रश्न एका शब्दात पकडणारं असं दुसरं काही आपल्याकडे नाही, आणि विकृतिशास्त्राचा जीव याच प्रश्नात आहे.

इतिहास थोडक्यात सांगतो. युरोपात शतकानुशतकं समजूत होती की रोग म्हणजे अंगातल्या रसांचा बिघाड, तो सगळ्या शरीरभर असतो. इटलीतल्या पादुआ विद्यापीठातल्या मोर्गान्यी यांनी १७६१ साली, वयाच्या ७९व्या वर्षी, सुमारे ७०० शवविच्छेदनांचे वृत्तान्त ७० पत्रांच्या रूपात प्रसिद्ध केले. माणूस जिवंत असताना त्याची तक्रार काय होती ते आधी, आणि देह उघडल्यावर काय दिसलं ते नंतर. रोगाला असा पहिल्यांदा पत्ता मिळाला: हा यकृतातला, हा हृदयाच्या झडपेवरचा. पुढे फ्रान्समध्ये बिशा यांनी सूक्ष्मदर्शक न वापरता २१ प्रकारच्या ऊती वेगळ्या केल्या. १८५८ साली बर्लिनमध्ये फिरखॉ यांनी २० व्याख्यानांत तो पत्ता पेशीपर्यंत नेला. प्रत्येक पेशी आधीच्या पेशीतूनच जन्मते, हे सूत्र त्यांनी लावून धरलं. याचा अर्थ, कर्करोगाची पेशी बाहेरून आलेली नसते, ती आपल्याच एखाद्या पेशीची लेक असते.

हे सगळं हवेत राहू नये म्हणून एकच जागा घेऊ: गालाची आतली बाजू. ही जागा निवडायला कारण आहे. पाश्चात्त्य देशांत तोंडाचा कर्करोग जास्त करून जिभेवर आणि जिभेखाली दिसतो. आपल्याकडे तो गाल आणि हिरडी यांच्यामधल्या खाचेत फार दिसतो, म्हणजे जिथे तंबाखूचा बार भरून ठेवतात बरोबर तिथे. भारतीय विकृतिशास्त्राचे जनक मानले जाणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ साली मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या सलग १००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. टाटा स्मारक रुग्णालय त्याआधी तीनच वर्षं, १९४१ साली सुरू झालं होतं, आणि तिथल्या प्रयोगशाळांची धुरा खानोलकरांकडे होती. कर्करोग शरीरात कुठे होतो हे माणसाच्या सवयींशी बांधलेलं असतं, ही गोष्ट त्यांनी आयुष्यभर लावून धरली.

निरोगी गालाच्या आतलं अस्तर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं. तळाला पेशींची एक रांग, ती सतत विभागते. नव्या पेशी वर सरकत जातात, चपट्या होतात आणि साधारण दोन आठवड्यांत पृष्ठभागावरून गळून लाळेत जातात. या अस्तराखाली एक फार पातळ पडदा, त्याला बेसमेंट मेम्ब्रेन म्हणतात. त्याच्या खाली रक्तवाहिन्या आणि तंतूंचा सैल थर, मग स्नायू. गाल फुगवता येतो, तोंड 'आ' करता येतं, ते या सैल थरामुळे.

आता रोज सुपारी येते. पानातून, गुटख्यातून, माव्यातून, विदर्भात खर्ऱ्यातून. सुपारीतलं अ‍ॅरिकोलिन तंतू बनवणाऱ्या पेशींना चेतवतं, त्या जास्त कोलॅजन, म्हणजे तंतूंचं प्रथिन, तयार करू लागतात. एरवी जुनं कोलॅजन विरघळवणारी विकरं (एन्झाइम) आपलं काम करत असतात, पण सुपारीतल्या टॅनिनमुळे कोलॅजन त्यांना दाद देत नाही. सुपारीत तांबंही बरंच असतं. त्यामुळे कोलॅजनच्या तंतूंना एकमेकांशी टाके घालणारं विकर अधिक काम करतं. आवक वाढली, निचरा कमी झाला आणि जे साठलं ते घट्ट विणलं गेलं. ही झाली संप्राप्ती. सैल थर आवळत जातो, रक्तवाहिन्या दबतात, वरचं अस्तर पातळ पडतं. आता माणसाच्या तक्रारी ऐका: तिखट लागताच तोंडाची आग, गाल आतून पांढुरका, बोट फिरवलं तर उभ्या दोऱ्या हाताला लागतात, आणि तोंड उघडत नाही. निरोगी प्रौढाचं तोंड वरच्या-खालच्या दातांमध्ये साधारण ३५ ते ५० मिलिमीटर उघडतं, म्हणजे स्वतःची तीन बोटं एकावर एक ठेवून आत जातात. दोनच जात असतील तर दाखवायला हवं. या रोगाला ओरल सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. पातळ अस्तरामुळे आग, दबलेल्या वाहिन्यांमुळे पांढुरकेपणा, आवळलेल्या थरामुळे न उघडणारं तोंड. रचना कळली की लक्षणं पाठ करावी लागत नाहीत. सुपारी सोडल्यावर रोग पुढे सरकायचा थांबू शकतो, पण एकदा विणलेलं कोलॅजन बहुतेक तसंच राहतं. म्हणून लवकर सोडण्याला इतकी किंमत आहे.

"तंबाखू नसलेली सुपारी चालते ना?" हा प्रश्न हमखास येतो. नाही चालत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात नुसती सुपारीही माणसात निश्चित कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली आहे.

त्यावर तंबाखू आणि चुना आला की अस्तरातल्या पेशी आपलं वळण बदलतात. आधी त्या चामडीसारखा जाड थर धरतात, तो पांढरा चट्टा म्हणून दिसतो. खरवडून निघतो तो बहुधा बुरशीचा चट्टा. जो निघत नाही आणि ज्याचं दुसरं कारण सापडत नाही तो ल्युकोप्लेकिया. लाल मखमली चट्टा त्याहून जास्त धोक्याचा. हे झालं उघड्या डोळ्यांना दिसणारं. सूक्ष्मदर्शकाखाली प्रश्न असतो शिस्तीचा. तळाच्या रांगेतच व्हायला हवं ते विभाजन वरच्या थरात होतंय का? पेशींची केंद्रकं मोठी आणि गडद झाली आहेत का? खालून वर जाताना पेशी चपट्या होण्याचा क्रम मोडलाय का? या बेशिस्तीला डिसप्लेशिया म्हणतात. ती अस्तराच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात असेल तर सौम्य, मधल्यापर्यंत पोचली तर मध्यम, त्याहून वर गेली तर तीव्र. इथवर तळाचा पडदा शाबूत असतो. तो फोडून पेशी खाली उतरल्या की त्या दिवसापासून तो कर्करोग. सगळ्या रिपोर्टमधलं सर्वांत जड वाक्य या पडद्यावर अवलंबून असतं, आणि तो पडदा नीट दिसायचा तर तपासणीसाठी काढलेला तुकडा, म्हणजे बायोप्सी, नीट घेतलेला, नीट ठेवलेला आणि नीट कापलेला हवा. रुग्णांना या कामाची फारशी कल्पना नसते, म्हणून आता त्यावर जरा रेंगाळतो.

तुकडा कुठून घ्यायचा? जखमेच्या मधोमध बहुतेक मेलेल्या पेशी आणि पू असतो, तिथून घेतला तर उत्तर मिळत नाही. कडेवरून घ्यावा, थोडा रोगट आणि थोडा निरोगी भाग एकत्र येईल असा. आणि खोल घ्यावा. वरवरच्या खरवडीत अस्तर येतं, पण खालचा थर येत नाही. मग पेशी पडदा ओलांडून गेल्यात का, हे जगातला कुणीही पॅथॉलॉजिस्ट सांगू शकत नाही. चिमट्यात दाबून ओढलेला तुकडाही असाच वाया जातो. चिरडलेल्या पेशींची केंद्रकं शाईच्या ओघळासारखी पसरतात.

तुकडा शरीरातून सुटला की त्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि पेशींतली विकरं पेशीलाच पचवू लागतात. ते थांबवायला फॉर्मेलिन. बाटलीवर '१० टक्के फॉर्मेलिन' लिहिलेलं असतं, त्यात प्रत्यक्ष फॉर्माल्डिहाइड सुमारे ४ टक्के असतं, कारण बाजारातलं मूळ द्रावणच ३७ ते ४० टक्क्यांचं. एक लिटर करायचं तर मूळ द्रावण १०० मिलिलिटर, पाणी ९०० मिलिलिटर, आणि त्यात सोडियम फॉस्फेटचे दोन क्षार, जेणेकरून द्रावण उदासीन राहील. क्षार न घालता ठेवलेलं फॉर्मेलिन हळूहळू आम्ल होतं आणि रक्तमय तुकड्यांत तपकिरी-काळे कण सोडतं. नवख्या डोळ्याला ते कण मलेरियाच्या रंगद्रव्यासारखे दिसतात.

फॉर्मेलिन किती? तुकड्याच्या आकारमानाच्या किमान दहापट, वीसपट असेल तर उत्तम. ते आत शिरतं तासाला साधारण १ मिलिमीटर, आणि शिरल्यावर प्रथिनं पक्की बांधायला आणखी वेळ घेतं. म्हणजे ५ मिलिमीटरच्या बायोप्सीला सहा ते चोवीस तास पुरतात, पण काढलेलं अख्खं स्तन किंवा गर्भाशय तसंच डबीत कोंबलं तर बाहेरचा सेंटिमीटरभर भाग टिकतो आणि आतला कुजतो. असे नमुने सेंटिमीटरच्या अंतराने पावासारखे कापून मध्ये गॉज घालून ठेवावे लागतात. आणखी एक साधी गोष्ट: बाटलीचं तोंड रुंद हवं. मऊ असताना तुकडा अरुंद तोंडातून आत जातो, फॉर्मेलिनने टणक झाला की बाहेर येत नाही, मग तो ओढून काढताना चिरडतो. नाव बाटलीच्या अंगावर लिहावं, झाकणावर नाही. चार बाटल्यांची झाकणं एकदम उघडली की झाकणावरच्या नावांना काही अर्थ उरत नाही.

लॅबमध्ये आल्यावर तुकडा मोजून, वर्णन लिहून, ३ ते ४ मिलिमीटर जाडीचे काप करून प्लॅस्टिकच्या जाळीदार कॅसेटमध्ये ठेवतात. याला ग्रॉसिंग म्हणतात. पुढची रात्र पाणी काढण्यात जाते. कापायला तुकडा मेणात बसवायचा असतो, आणि मेण पाण्यात मिसळत नाही. म्हणून ७० टक्क्यांपासून चढत चढत १०० टक्के अल्कोहोल, मग अल्कोहोल काढायला झायलीन, मग ६० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळलेलं पॅराफिन. अल्कोहोलची पायरी घाईने उरकली तर तुकड्याच्या पोटात पाणी राहतं आणि पातीखाली तिथे भोक पडतं.

मग येतं ते काम जे मला या सगळ्यात सर्वांत नाजूक वाटतं. वितळलेल्या मेणात तुकडा ठेवताना तो कडेवर उभा ठेवायचा, म्हणजे कापताना वरचं अस्तर, पडदा आणि खालचा थर तिन्ही एका ओळीत दिसतील. तो आडवा पडला तर पाती अस्तराला तिरकी कापत जाते. अस्तराची जी मुळं एरवी खालच्या थरात जरा उतरलेली असतात ती तिरक्या कापात सुट्या बेटांसारखी दिसतात, अगदी कर्करोगाच्या पेशी पडदा ओलांडून उतरल्यासारखी. निरोगी गालाला कर्करोग ठरवायला तंत्रज्ञाचा चिमटा एवढासा चुकला तरी पुरतो. अनुभवी पॅथॉलॉजिस्ट हे ओळखतो, तुकडा बसवलेला मेणाचा ठोकळा, म्हणजे ब्लॉक, वितळवून तुकडा पुन्हा उभा बसवायला सांगतो आणि एक दिवस उशिरा रिपोर्ट देतो. तो उशीर सोसण्यासारखा असतो.

मायक्रोटोम नावाच्या कापयंत्रावर ३ ते ५ मायक्रॉन जाडीचे काप निघतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. लाल रक्तपेशीचा व्यास ७ ते ८ मायक्रॉन असतो, त्यावरून काप किती पातळ असेल ते ताडा. मेणाची रिबन कोमट पाण्यावर तरंगवून सुरकुत्या काढायच्या आणि काचेवर उचलायची. पाणी दोन ब्लॉकच्या मध्ये पुसून स्वच्छ केलं नाही तर आधीच्या रुग्णाचा तरंगता कण या रुग्णाच्या काचेवर येतो. ओळख पटेपर्यंत काळजाचा ठोका चुकतो. मग मेण काढून दोन रंग. हिमॅटॉक्सिलिन हा मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या खोडातून निघतो आणि केंद्रकांना निळं-जांभळं करतो. इओसिन बाकी सगळ्याला गुलाबी करतो. हिमॅटॉक्सिलिन जास्त चढला तर चांगल्या पेशीचं केंद्रकही गडद, संशयास्पद दिसतं. वर सांगितलेली डिसप्लेशियाची खूण आठवा: गडद केंद्रकं. रंग चढवणाऱ्याच्या हातून दोन मिनिटांची चूक झाली की तीच खूण खोटी उमटते.

हे सगळं होऊन रिपोर्ट येतो. ऑपरेशननंतरच्या रिपोर्टमध्ये दोन शब्द लोक नेहमी एकात एक मिसळतात: ग्रेड आणि स्टेज. ग्रेड म्हणजे पेशी मूळ वळणापासून किती दूर गेल्यात. स्टेज म्हणजे रोग किती दूर पसरलाय. गालाच्या कर्करोगात पेशी अजून केरॅटिनचे (त्वचेत, नखांत असतं त्या प्रथिनाचे) गोल मणी बनवत असतील तर ग्रेड चांगली, पण तोच रोग मानेच्या गाठींपर्यंत पोचला असेल तर स्टेज पुढची. "ग्रेड वन आहे म्हणजे पहिल्या स्टेजचा" असं म्हणत घरी जाऊ नका.

दुसरी गोष्ट खोली. तोंडाच्या कर्करोगात आता गाठीच्या लांबीरुंदीसोबत ती आत किती मिलिमीटर उतरली तेही मोजतात. मोजायची रीत गवंड्याला लगेच कळेल. शेजारच्या निरोगी अस्तराच्या तळाची पातळी धरायची आणि तिथून सर्वांत खोल पेशीपर्यंत ओळंबा सोडायचा. गाठीची एकूण जाडी मोजून चालत नाही. फुलकोबीसारखी बाहेर वाढलेली गाठ जाड असूनही उथळ असू शकते, आणि पोखरलेली जखम पातळ दिसून खोल असू शकते. स्टेज ठरवताना गाठीला 'टी' हा आकडा देतात: दीड सेंटिमीटरची गाठ ४ मिलिमीटर खोल असेल तर टी-१, तीच ७ मिलिमीटर खोल असेल तर टी-२. खोल गेलेली गाठ मानेत पसरण्याची शक्यता जास्त, म्हणून मानेचं ऑपरेशन करायचं का, हा निर्णय या मिलिमीटरांशी बांधलेला असतो. टाटा स्मारक रुग्णालयातल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सुरुवातीच्या टप्प्यातल्या तोंडाच्या कर्करोगात मानेच्या गाठी पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के हयात होते. गाठी दिसू लागेपर्यंत थांबलेल्यांत हे प्रमाण ६७.५ टक्के होतं.

तिसरी गोष्ट कड, म्हणजे मार्जिन. काढलेल्या भागाच्या कडांना लॅबमध्ये आधी शाई लावतात, मग कापतात. काचेवर शाईपासून कर्करोगाच्या सर्वांत जवळच्या पेशीपर्यंतचं अंतर मोजतात. ५ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर कड मोकळी, त्याहून कमी असेल तर जवळ. इथे एक तक्रार कानावर येते: सर्जनने सेंटिमीटरभर मोकळं सोडलं आणि रिपोर्टमध्ये ७ मिलिमीटरच कसे? गालाचं अस्तर शरीरातून सुटताच स्नायूंच्या ओढीने आणि पुढे फॉर्मेलिनने साधारण पाचवा हिस्सा आक्रसतं. शिवाय गाठीची खरी कड हाताला लागते त्यापेक्षा थोडी पुढे असते. दोघांचं मोजमाप आपापल्या जागी बरोबर असतं. सर्जनने नमुन्याला दिशेचे टाके घातले असतील, समजा आखूड टाका वरच्या बाजूला आणि लांब टाका मागे, तर कुठली कड जवळ आहे ते सांगता येतं. टाके नसतील तर 'एक कड जवळ आहे' एवढंच लिहिता येतं, आणि त्या वाक्याचा ऑपरेशन थिएटरमध्ये उपयोग होत नाही.

आता मर्यादा. ५ मिलिमीटरचा तुकडा ४ मायक्रॉनच्या कापांत पूर्ण कापला तर १२५० काप होतात. आपण पाहतो त्यातले दोन-चार. आणि तो तुकडा स्वतःच गालाच्या एका कोपऱ्यातला. म्हणून 'या तुकड्यात कर्करोग दिसला नाही' आणि 'या माणसाला कर्करोग नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. तीन आठवड्यांत न भरलेली जखम समोर असेल आणि बायोप्सी निर्दोष आली, तर पुन्हा घ्यायची. रिपोर्टवर 'क्लिनिकल को-रिलेशन' असं लिहिलेलं असतं, लोकांना ती पळवाट वाटते. खरं तर तो मोर्गान्यींच्याच पद्धतीचा वारसा आहे: देहात दिसलेलं आणि माणसाने सांगितलेलं एकत्र ठेवा. पण मग नमुन्यासोबतच्या फॉर्मवर वय, सवय, किती दिवसांपासून, आधी काय उपचार झाले, हे लिहिलेलं हवं. 'जखम, गाल' एवढ्या दोन शब्दांवर काय जुळवायचं?

फॉर्मेलिनची सवय कधी कधी उलटते. मानेत गाठ आहे, क्षयाचा संशय आहे, गाठ काढली आणि सगळीच्या सगळी फॉर्मेलिनमध्ये टाकली. काचेवर क्षयाचं चित्र छान दिसतं: मधोमध चीजसारखा मेलेला भाग, भोवती लांबट पेशींचं कडं, घोड्याच्या नालेसारखी केंद्रकं मांडलेल्या मोठ्या पेशी. पण हे चित्र औषधाबद्दल काही सांगत नाही. जंतू कुठल्या कुठल्या औषधांना दाद देत नाही हे पूर्ण कळायला तो वाढवून बघावा लागतो, आणि फॉर्मेलिनने तो मेलेला असतो. म्हणून अशा गाठीचे दोन भाग करायचे. एक फॉर्मेलिनमध्ये, दुसरा निर्जंतुक सलाइनमध्ये, आणि तो त्याच दिवशी लॅबमध्ये. सलाइनमधल्या तुकड्यावर सीबीनॅट किंवा गोव्यातल्या कंपनीने विकसित केलेली ट्रूनॅट यांसारखी, जंतूची जनुकं शोधणारी चाचणी काही तासांत क्षयाचा जंतू आहे का आणि रिफाम्पिसिन या क्षयाच्या मुख्य औषधाला दाद देतो का हे सांगते. वाढवण्याच्या चाचणीला द्रव माध्यमात सहा आठवड्यांपर्यंत लागू शकतात.

रक्ताच्या तपासण्यांबद्दल थोडंच, कारण तत्त्व तेच आहे: नमुना बिघडला की यंत्र बिघडलेल्याच गोष्टीचं अचूक मोजमाप करतं. जांभळ्या झाकणाच्या नळीत ईडीटीए असतं, ते पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात, आणि ते कॅल्शियम बांधून रक्त गोठू देत नाही. त्यातलं रक्त चुकून दुसऱ्या नळीत ओतलं तर रिपोर्ट येतो: पोटॅशियम भयंकर जास्त, कॅल्शियम भयंकर कमी, आणि समोर रुग्ण गप्पा मारतोय. ही जोडी दिसली की औषध देण्याआधी नवं रक्त घ्यावं. काही लोकांच्या प्लेटलेट ईडीटीएमध्ये एकमेकांना चिकटतात. यंत्र तो गठ्ठा मोजत नाही आणि ४०,००० चा आकडा छापतं. काचेवर रक्ताचा थेंब पसरून पाहिला की गठ्ठे दिसतात. निळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू न देणारं सायट्रेट एक भाग आणि रक्त नऊ भाग, हे प्रमाण रेघेपर्यंत पाळावंच लागतं. नळी अर्धी भरली तर रक्त गोठायला वेळ लागतो असं खोटंच दिसतं. आणि साखरेसाठी घेतलेलं रक्त साध्या नळीत तसंच ठेवलं तर पेशी साखर खातात, तासाला साधारण ५ ते ७ टक्के. गावातून तालुक्याला नमुना पोचेपर्यंत मधुमेही माणूस कागदावर बरा होतो. त्यासाठी करड्या झाकणाची फ्लोराइडची नळी असते आणि तिच्यातलं रक्तही शक्य तितक्या लवकर वेगळं करावं लागतं.

शेवटी एक कामाची गोष्ट सांगतो. मेणाचा ब्लॉक वर्षानुवर्षं टिकतो. त्यातून पुन्हा काप घेता येतात, आज नसलेली चाचणी दहा वर्षांनीही त्यावर करता येते. दुसरं मत घ्यायला मोठ्या रुग्णालयात जाताना लोक फक्त कागद घेऊन जातात, मग तिथले डॉक्टर स्लाइड मागतात आणि एक फेरी फुकट जाते. आपल्या लॅबकडे स्लाइड आणि ब्लॉक दोन्ही लेखी अर्ज करून मागा. ब्लॉक उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण वितळतं. स्लाइड काचेच्या, त्या डबीत उभ्या ठेवा. आणि दुसरीकडचं काम झालं की ब्लॉक आठवणीने पहिल्या लॅबला परत द्या, कारण पुढे कधी गरज लागली तर तो शोधायला सगळे तिथेच जाणार.